ऑइल सील पुन्हा पुन्हा का गळते?

सुलतानपूरहून लोणारला किंवा मेहकरला जायचे तर डांबरी रस्ता आहे. पण रस्ता सोडून शेताकडच्या पांदणीत शिरले, की काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय ते कळते. अशा ठिकाणी चारही चाकांना एंजिनाची शक्ती देणारी जीप उपयोगी पडते. जुन्या जीपच्या पुढच्या चाकामागे वाकून पाहा. तेथे एक मोठा पोलादी गोळा दिसेल, आणि पुष्कळदा त्यावर तेलाचा ओघळ व त्याला चिकटलेली माती. मेकॅनिक म्हणतो, "ऑइल सील गेले." नवे सील बसते आणि महिन्याभरात ओघळ पुन्हा हजर होतो! मालकाचे पैसे जातात, पण खरा धोका निराळाच आहे. हे तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले, तर त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नाही आणि जोरात ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

पुढच्या चाकाला दोन कामे असतात : फिरायचे आणि वळायचेही. म्हणून एक्सलचा दांडा अखंड ठेवता येत नाही. त्यात गोळ्याच्या आत एक सांधा असतो. डिफरन्शिअलमधले तेल दांड्याच्या कडेने गोळ्यात येऊ नये म्हणून नळीत एक सील, आणि गोळ्यातले ग्रीस बाहेर पडू नये म्हणून बाहेरून दुसरे. ओघळ बाहेर दिसला तरी दोष आतल्या सीलमध्ये असू शकतो. दाट ग्रीस झिरपत असेल तर बाहेरचे सील तपासावे. पातळ, गंधकासारखा वास येणारे गिअर ऑइल असेल तर आतले.

आतले सील म्हणजे रबराचे कडे. त्याचा बारीक ओठ दांड्यावर टेकतो आणि मागून वेढ्याची स्प्रिंग त्याला आवळून धरते. ओठ पूर्ण कोरडा असता तर घर्षणाने लवकरच जळून गेला असता. ओठ व दांडा यांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि ओठाच्या विशिष्ट आकारामुळे ते तेल आत परत ढकलले जाते. म्हणजे सील हे केवळ बूच नव्हे, तो एक चिमुकला पंपच आहे!

आता थोडे गणित करू. समजा, चाकाचा व्यास ७० सें.मी. आहे, म्हणजे परीघ सुमारे २.२ मीटर. ५० कि.मी. प्रवासात चाकाचे सुमारे २२,७०० फेरे होतील. दांडा ३ सें.मी. जाडीचा असेल, तर तेवढ्यात ओठाखालून २ कि.मी.हून अधिक लांबीचे पोलाद घासत जाते. चिखलातले कठीण कण मऊ रबरात रुतून बसतात आणि मग रबरच पॉलिश कागदासारखे पोलाद झिजवते. दांड्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर नवे सील व्यर्थ आहे. दांडा बदलावा किंवा त्यावर पातळ पोलादी बाही बसवावी.

पण दांडा गुळगुळीत असूनही गळती होते, तेव्हा काय? माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे एक्सलच्या नळीवरचा ब्रीदर, अर्थात हवा ये-जा करण्याची छोटी वाट. ती चिखलाने बुजली असे समजा. सकाळी आतली हवा २७° से. आहे, मे महिन्यातल्या दुपारी घर्षणाने ती ७७° से. झाली. केल्विनमध्ये ३०० चे ३५० झाले. आकारमान तेच, म्हणून दाब ७/६ पट. वाढ एक-षष्ठांश वातावरण, म्हणजे दर चौ. सें.मी.ला सुमारे १७२ ग्रॅम. सीलपाशी तेलाची उंची ५ सें.मी. धरली, तरी त्या तेलाचा स्वतःचा दाब अवघा ४.५ ग्रॅम. जवळजवळ ३८ पट दाब अकारण सीलवर पडला! थोड्या जुन्या ओठाला तो पेलवत नाही.

याची उलट बाजू अधिक वाईट. गरम असताना जास्तीची हवा निसटून गेली आणि जीप लगेच नाल्यात उतरली. आतली हवा पुन्हा ३०० केल्विनवर आली, तर दाब ६/७ वातावरणच उरतो. ही तूट सुमारे दीड मीटर पाणी वर खेचण्याइतकी आहे. ओठाच्या फटीतून पाणी व गाळ आत शिरतो आणि तेल ताकासारखे पांढुरके होते.

हे शाळेत करून पाहा. औषधाच्या बाटलीत अर्धे रंगीत पाणी घ्या. रबरी बुचातून दोन रिकाम्या, स्वच्छ रिफिली घाला. एक पाण्यात बुडलेली, दुसरी पाण्याच्या वर. बाटली गरम पाण्यात धरा. काही होणार नाही. आता वरच्या रिफिलीचे टोक मेणाने बंद करून बाटली थंड होऊ द्या आणि प्रयोग पुन्हा करा. पाणी दुसऱ्या रिफिलीतून वर चढेल. मेण काढताच ते खाली बसेल.

तेव्हा गळती दिसली, की आधी ब्रीदर काढून रॉकेलने धुवावा व तोंडाला न लावता हवेच्या पंपाने फुंकून पाहावा. मग तेलाची पातळी पाहावी. ते भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवे. "थोडे जास्त असू द्या" ही सवय वाईट. मग चाक उचलून हलवावे. बेअरिंग सैल असेल, तर दांडा डगमगतो आणि ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही. (हे काम मेकॅनिकच्या देखरेखीखालीच, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.) नवे सील बसवताना ओठाला थोडे तेल लावावे आणि स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. उलट बसवलेले सील तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर आणते.