बारा हेर आणि प्रवासाची सूचना



21 जून 2025 च्या शब्बाथला आपल्या तोरा वाचनाच्या क्रमात ‘शलाह लेखा’ हा पाराशा आला होता. मोशे रब्बेनूंनी कनान देश पाहण्यासाठी बारा हेर पाठवले, ती ही कथा. योगायोग असा की, त्याच आठवड्यात इस्राएल व इराण यांचे युद्ध चालू होते. 13 जूनला पहाटे बेन गुरियन विमानतळ बंद झाला आणि भेटीगाठीस गेलेले हजारो प्रवासी जागच्या जागी अडकले. कोणी जॉर्डनमार्गे अम्मान गाठले, कोणी ताबाहून इजिप्तमध्ये उतरले, कोणी जहाजाने सायप्रसला गेले. 24 जूनला युद्ध थांबले. त्या दिवसांत मला या पाराशाचा अर्थ नव्याने कळला. तो आज आपल्यापुढे मांडते, कारण आपल्यापैकी प्रत्येक घराला हा प्रश्न वर्षा-दोन वर्षांनी पडतोच. आपली निम्मी माणसे इस्राएलमध्ये, उरलेली मुंबई, ठाणे आणि कोकणात, आणि आपण इथे अमेरिकेत. लग्न असो, मेंदी असो, की आईबापांच्या कबरीचे दर्शन असो. जायचे म्हणजे समुद्र ओलांडायचा.

माझी धाकटी बहीण अश्दोदला असते. जाऊ की नको असे तिला विचारले, की ती म्हणते, “अगं, आम्ही इथे राहतोच ना? तू ये.” इथे मुलाला विचारले, की तो म्हणतो, “आई, टीव्हीवर काय चाललंय ते पाहतेस ना? मुळीच जायचं नाही.” दोघेही मायेने बोलतात. पण तिच्या बोलण्यात सवय आहे आणि याच्या बोलण्यात भीती. माझ्या प्रश्नाचे उत्तर दोघांजवळही नाही.

आता मोशे रब्बेनूंनी काय केले ते पाहा. “जावे की न जावे?” असे त्यांनी हेरांना विचारलेच नाही. त्यांनी नेमके प्रश्न दिले. लोक बळकट आहेत की दुबळे? थोडे आहेत की पुष्कळ? नगरे उघडी आहेत की तटबंदीची? जमीन सुपीक आहे की नापीक? झाडे आहेत की नाहीत? कोणत्या वाटेने चढायचे, तेही सांगितले. चाळीस दिवसांनी बाराही जण परतले. सर्वांनी एकच देश पाहिला होता, तीच द्राक्षे आणि तेच धिप्पाड अनाकवंशी. दहा जणांनी माहितीत आपली भीती मिसळली. यहोशवा आणि कालेब यांनी तशी मिसळू दिली नाही. माहिती वेगळी आणि निर्णय वेगळा, हा या पाराशाचा धडा.

आपल्याकडे हेरांचे काम अमेरिकेचे परराष्ट्र खाते करते. प्रत्येक देशाविषयी ते प्रवासाची सूचना प्रसिद्ध करते. ही माहिती सर्वांना मोकळी असावी, या आग्रहामागे मोठे दुःख आहे. 5 डिसेंबर 1988 रोजी हेलसिंकीच्या अमेरिकन वकिलातीत एक निनावी फोन आला. फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन ॲमच्या विमानात दोन आठवड्यांत बाँब ठेवला जाईल, असे त्यात सांगितले होते. मॉस्कोच्या वकिलातीत ही खबर कर्मचाऱ्यांसाठी फलकावर लावली गेली. सामान्य प्रवाशांना मात्र काही कळले नाही. 21 डिसेंबरला लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन ॲमचे विमान स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर बाँबने फुटले. विमानातील 259 आणि गावातील 11 अशी 270 माणसे गेली. त्यांत सिराक्यूज विद्यापीठाचे 35 विद्यार्थी होते. त्या फोनचा कटाशी संबंध नव्हता, असे तपास करणाऱ्यांचे मत पडले. तरी घरच्यांचा प्रश्न उरलाच: वकिलातीतल्या माणसांना जे सांगितले, ते आमच्या लेकरांना का सांगितले नाही? त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. 1990 साली अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, त्याच वर्षी नवा कायदा झाला. सरकारी माणसांना धोक्याची खबर द्यायची आणि जनतेला द्यायची नाही, असा भेद नको, हे तत्त्व रुजले. म्हणून ती सूचना न वाचता तिकीट काढणे मला त्या आईबापांच्या कष्टांची हेळसांड वाटते.

आता ती वाचावी कशी? जानेवारी 2018 पासून तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिली: नेहमीची काळजी घ्या. दुसरी: अधिक काळजी घ्या. तिसरी: जाण्याचा फेरविचार करा. चौथी: जाऊ नका. पुढे कारणही दिलेले असते: गुन्हे, दहशतवाद, दंगे, अपहरण, रोगराई वगैरे. पुष्कळ जण पायरीचा आकडा पाहून थांबतात. खरी माहिती आकड्याच्या खाली असते.

उदाहरणार्थ, जून 2025 च्या सूचनेत भारत दुसऱ्या पायरीवर होता. त्याच सूचनेत काश्मीर व पाकिस्तानची सरहद्द चौथ्या पायरीवर होती, आणि नक्षलवाद्यांच्या कारणाने पूर्व महाराष्ट्राचा उल्लेख होता. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचून एखादा घाबरेल. पण गडचिरोली कुठे आणि आपले अलिबाग, रेवदंडा कुठे! खंडाळ्याला एलियाहू हन्नाबींच्या जागी मलिदा करायला जाणाऱ्याने रायगड जिल्ह्याचे पाहावे. उलट, मुंबई आपली म्हणून निर्धास्तही राहू नये. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कुलाब्याचे नरिमन हाऊस होते, हे आपण विसरणार नाही. सिनेगॉगमध्ये जाताना पासपोर्ट जवळ ठेवावा, आणि दारावरच्या पोलिसाने विचारपूस केली तर राग मानू नये.

इस्राएलचेही तसेच. गाझालगतचा पट्टा, लेबनॉनची सरहद्द आणि तेल अवीव यांना एक माप लावता येत नाही. गाझातून रॉकेट सुटले, तर सरहद्दीजवळच्या गावांत आसऱ्याला जायला पंधरा सेकंद मिळतात, तेल अवीवला दीड मिनिट. म्हणून बहिणीला मी आता “येऊ का?” असे विचारत नाही. “तुझ्या घरात सुरक्षित खोली आहे का? नसेल तर आसरा किती पायऱ्या उतरून? माझ्या गुडघ्यांना ते जमेल का?” असे विचारते. याची उत्तरे ती बरोबर देते.

वाटेतला थांबाही तपासावा. 27 जून 1976 ला तेल अवीवहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान एन्टेबीला पळवले गेले. अपहरण करणारे वाटेत अथेन्सला चढले होते. 5 सप्टेंबर 1986 ला मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीच्या थांब्यावर ताब्यात घेतले गेले. अपहरणकर्त्यांनी पासपोर्ट मागितले, आणि नीरजा भनोत व तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवून माणसे वाचवली.

शेवटी स्वतःच्या घरचे प्रश्न. ते कागदावर लिहून काढावेत.

आपण कोणत्या देशाचे नागरिक म्हणून जात आहोत? इस्राएली नागरिकाला तिथे इस्राएली पासपोर्टवरच जावे-यावे लागते, मग खिशात अमेरिकन पासपोर्ट असला तरी. अशा वेळी अमेरिकन वकिलातीची मदत मर्यादित होऊ शकते. भारताचे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हेही लक्षात असावे.

विमा युद्धाचे नुकसान भरतो का? पुष्कळ विम्यांत युद्ध वगळलेले असते. पैसे भरण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचावीत.

विमाने बंद पडली तर दुसरी वाट कोणती? औषधे परतीच्या तारखेपुढे किती दिवस पुरतील? मी आता एक महिन्याची जास्त नेते.

आपण कुठे आहोत हे कोणाला ठाऊक आहे? परराष्ट्र खात्याची ‘स्टेप’ नावाची मोफत नोंदणी आहे. नाव नोंदवले की वकिलातीचे इशारे थेट आपल्याला येतात. नातवंडे पाच मिनिटांत करून देतील. तिकीट काढताना सूचना वाचावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावी, कारण ती बदलत असते.

कोणी म्हणेल, देवावर भरवसा असताना एवढी चौकशी कशाला? त्याला शमुवेल हन्नाबींची गोष्ट सांगावी. नव्या राजाला अभिषेक करायला बेथलेहेमला जा, अशी साक्षात देवाची आज्ञा झाली, तरी त्यांनी विचारले की, शाऊलला कळले तर तो मला मारील, मी जाऊ कसा? देव त्यांच्यावर रागावला नाही. त्याने सुरक्षितपणे जाण्याची युक्ती सांगितली. आपल्या हाखामांनी यावरूनच शिकवले की, मित्सवा करायला निघालेल्याला इजा होत नाही हे खरे, पण धोका उघड दिसत असेल तिथे त्यावर विसंबू नये.

तेव्हा प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहावीत आणि मग ठरवावे. कधी उत्तर “जा” येईल, कधी “पुढच्या वर्षी”. दोन्हींत कमीपणा नाही. आणि निघालात, तर एलियाहू हन्नाबींचे नाव घ्या, तेफिल्लाथ हादेरेख म्हणा, आणि पोहोचल्याचा फोन विसरू नका.