‘या बुनय्य’ : संततीशी संवाद आणि तिचे शिक्षण

संतती ही अल्लाहची देणगी आहे, तशीच ती आपल्या हाती सोपविलेली अमानतही आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी प्रत्येक माणसाला राखणदार म्हटले आहे आणि ज्याच्या राखणीत जे दिले आहे त्याबद्दल त्याला विचारणा होईल, असे बजावले आहे. या हदीसमध्ये घरातील पुरुषाबरोबर स्त्रीचाही स्वतंत्र उल्लेख येतो. म्हणजे ही जबाबदारी एकट्या पित्याची नाही व एकट्या मातेचीही नाही. मुलांचे अन्न, वस्त्र, वह्या-पुस्तके आणि शाळेची फी यांची चिंता आपण सारेच करतो. परंतु आपले मूल आपल्याशी बोलते काय आणि आपण त्याचे ऐकतो काय, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

काही महिन्यांपूर्वी मगरिबच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीतच थांबून राहिले. त्यांचा मुलगा नववीत होता. दोन महिन्यांपासून तो शिकवणीला जात नव्हता आणि ही गोष्ट त्यांना एका दुकानदाराकडून समजली होती. ते म्हणाले, “मी तर रोज विचारपूस करतो. नमाज पढलास काय? अभ्यास झाला काय? किती गुण मिळाले? आणखी काय करावे?” दुसऱ्या दिवशी मुलाशी निवांत बोलणे झाले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “मला फळ्यावरचे दिसत नाही. शिकवणीत सगळ्यांसमोर उभे करून वाचायला सांगतात. अब्बांना सांगितले तर ते आधी रागावतील, मग ऐकतील.”

मुलाला चष्म्याची गरज होती. वडील रोज तीन प्रश्न विचारीत होते, पण त्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका शब्दात देता येत होते. त्यांत मुलाला आपली अडचण सांगण्यास जागाच नव्हती. विचारपूस आणि संवाद यांतील हा भेद समजून घेण्यासाठी आपण प्रथम पवित्र कुरआनकडे वळू.

कुरआनमधील माता-पिता आणि मुले

अरबी भाषेत मुलाला ‘इब्न’ म्हणतात. त्याचेच प्रेमाने केलेले लघुरूप ‘बुनय्य’ होय. ‘या बुनय्य’ म्हणजे ‘माझ्या लाडक्या बाळा’. ही हाक पवित्र कुरआनमध्ये सहा वेळा आली आहे. तीन वेळा ती हजरत लुकमान यांच्या मुखी आहे आणि हजरत नूह (अलै.), हजरत याकूब (अलै.) व हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या मुखी प्रत्येकी एकदा आहे. प्रसंग उपदेशाचा असो, संकटाचा असो वा कठोर परीक्षेचा असो, पित्याचे पहिले शब्द मायेचे आहेत.

सूरह लुकमानमधील उपदेशाचा क्रम पाहा. सर्वप्रथम अल्लाहशी कोणालाही भागीदार न करण्याची शिकवण आहे आणि तिच्यासोबत कारणही दिले आहे : तो फार मोठा अन्याय आहे. नंतर मोहरीच्या दाण्याएवढे कर्मही अल्लाहपासून लपत नाही, हे मुलाच्या डोळ्यांसमोर उभे राहील अशा उदाहरणाने सांगितले आहे. त्यानंतर नमाज, सदाचाराची प्रेरणा, दुराचाराला प्रतिबंध आणि संकटात धीर यांची शिकवण येते. शेवटी लोकांशी वागण्याची रीत येते : गर्वाने तोंड फिरवू नये, ताठ्याने चालू नये, आवाज खालच्या पट्टीत ठेवावा. हजरत लुकमान केवळ आज्ञा देत नाहीत. ते कारण सांगतात, दृष्टांत देतात आणि पुन्हा पुन्हा मायेने हाक मारतात. आवाज खाली ठेवण्याचा उपदेश आपण मुलांना ओरडून करीत असू, तर त्या उपदेशाचे पहिले श्रोते आपण स्वतः असले पाहिजे.

सूरह अस्-साफ्फातमधील प्रसंग याहून गंभीर आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांना स्वप्नात पुत्राच्या बलिदानाचा आदेश मिळाला. पैगंबरांचे स्वप्न ही ईशवाणीच असते. त्यामुळे आज्ञेचे पालन होणारच होते. तरीही त्यांनी ती गोष्ट पुत्रापासून लपविली नाही व त्याला बळेच ओढूनही नेले नाही. आपण काय पाहिले ते त्यांनी त्याला सांगितले आणि विचार करून आपले मत सांगण्यास सांगितले. हजरत इस्माईल (अलै.) यांनी आज्ञेचे पालन करण्यास सुचविले आणि अल्लाहने इच्छिले तर आपण धीर धरू, अशी ग्वाही दिली. या विचारण्यामुळे पुत्राची आज्ञाधारकता त्याची स्वतःची ठरली. एवढ्या मोठ्या प्रसंगी पैगंबर पिता पुत्राचे मत विचारतो. मग कोणती शाखा निवडावी, कोणत्या महाविद्यालयात जावे, याबाबत आपण मुलाला एक शब्दही विचारू नये काय?

हजरत यूसुफ (अलै.) यांनी लहानपणी पाहिलेले स्वप्न प्रथम आपल्या पित्याला सांगितले. हजरत याकूब (अलै.) यांनी ते हसण्यावारी नेले नाही. ते पूर्ण ऐकले, त्यातील धोका ओळखला आणि भावांना ते न सांगण्याचा सल्ला दिला. मुलाच्या मनातील गुपित पित्याजवळ सुरक्षित राहिले. आपल्या घरी मात्र मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या नातलगांत पोचते आणि मग मूल पुन्हा काही सांगत नाही.

मुलींबाबतही कुरआनने आदर्श ठेवला आहे. सूरह अल्-कससमध्ये मदयनच्या वृद्ध पित्याला त्यांच्या एका मुलीने हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला दिला आणि कारणही सांगितले : कामावर ठेवण्यास बलवान आणि विश्वासू माणूस उत्तम. पित्याने तो सल्ला मानला. ज्या घरांत दहावीनंतर मुलीने शिकावे की नाही याची चर्चा मुलीला बाहेर पाठवून केली जाते, त्या घरांनी या आयतीवर विचार करावा.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हजरत नूह (अलै.) यांनीही महापुराच्या लाटांमध्ये पुत्राला ‘या बुनय्य’ अशीच हाक मारली, पण त्याने ती ऐकली नाही. मार्गदर्शन देणे अल्लाहच्या हाती आहे. ज्या माता-पित्यांनी प्रामाणिक प्रयत्न करूनही मूल वेगळ्या वाटेने गेले, त्यांना दोष देण्याची घाई समाजाने करू नये. अखेरच्या क्षणापर्यंत मायेने हाक मारीत राहणे, एवढे पित्याचे कर्तव्य होते.

प्रेषितांची (सल्ल.) पद्धत

सहीह बुखारीमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या बालपणीची एक हकीकत आहे. प्रेषितांनी (सल्ल.) सभेत एक कोडे घातले : ज्याची पाने गळत नाहीत आणि जो मुस्लिमासारखा आहे, असा वृक्ष कोणता? लोकांचे लक्ष रानातील झाडांकडे गेले. अब्दुल्लाह (रजि.) यांच्या मनात खजुराचे झाड आले, पण ज्येष्ठ मंडळी गप्प असल्याने ते संकोचाने बोलले नाहीत. उत्तर तेच निघाले. नंतर त्यांनी हे पित्याला सांगितले, तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की, तू ते बोलला असतास तर मला मोठ्या संपत्तीहूनही अधिक आनंद झाला असता. या हकीकतीत दोन धडे आहेत. पहिला असा की, थोरांच्या सभेत बालकालाही बसण्यास जागा होती आणि प्रश्न विचारून शिकविण्याची रीत होती. दुसरा असा की, पित्याने मुलाच्या संकोचाबद्दल त्याला टाकून बोलण्याऐवजी पुढच्या वेळी बोलण्याचे बळ दिले.

मुस्नद अहमदमधील हदीसनुसार एका तरुणाने प्रेषितांकडे (सल्ल.) थेट व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर संतापले. प्रेषितांनी (सल्ल.) मात्र त्याला जवळ बसविले आणि विचारले, हे तुला तुझ्या मातेसाठी आवडेल काय? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्या व मावशीसाठी? प्रत्येक वेळी त्याने नकार दिला. मग लोकांनाही ते आपल्या घरच्या स्त्रियांसाठी आवडत नाही, हे त्यांनी त्याच्या लक्षात आणून दिले आणि त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. पुढे तो तरुण तिकडे वळला नाही. आज मुलाच्या मोबाईलमध्ये काही अनुचित आढळले, तर आपण मोबाईल हिसकावतो, ओरडतो आणि विषय संपला असे मानतो. प्रत्यक्षात विषय संपत नाही, तो फक्त आपल्यापासून लपविला जातो. पाप हे पापच आहे. त्याला सौम्य नाव देण्याची गरज नाही. परंतु पापाचा विचार मनात आलेल्या तरुणाला जवळ बसविणे, हीच सुन्नत आहे.

सुनन अबू दाऊदमधील एक हदीस मातांनी लक्षात ठेवावी. एका मातेने आपल्या लहान मुलाला, ये, मी तुला काही देते, असे म्हणून बोलाविले. प्रेषितांनी (सल्ल.) विचारले, तुम्ही त्याला काय देणार होता? तिने खजूर असे उत्तर दिले. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की, काहीच दिले नसते तर तुमच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. मुलाला दिलेले वचनही वचनच आहे. ‘खरे सांगितलेस तर रागावणार नाही’ असे म्हणून खरे सांगितल्यावर मारणारा पिता मुलाला खोटे बोलण्याचाच धडा देतो.

भाषेचा प्रश्न

आपल्या मुलांची स्थिती काहीशी वेगळी आहे. कोकणात घरी कोकणी, मराठवाड्यात दखनी, मकतबमध्ये अरबी व उर्दू आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी. इतक्या भाषा कानी पडणे हे भाग्य आहे. पण ज्या भाषेत मूल शाळेत विचार करू लागले, त्या भाषेत घरी कोणी धर्माविषयी बोलत नसेल, तर धर्म त्याच्यासाठी केवळ पाठांतराचा विषय उरतो. सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने स्पष्ट केले आहे की, प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठविला गेला, जेणेकरून त्याने त्यांना उलगडून सांगावे. म्हणून सूरह फातिहाचा अर्थ मुलाला कळणाऱ्या भाषेत सांगावा, मग ती मराठी असो वा घरची बोली. त्याने शंका विचारली तर ‘असे विचारू नये’ म्हणून गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे कबूल करावे आणि दोघांनी मिळून जाणकारांना विचारावे.

शाळेशी नाते

अनेक पालक निकालाच्या दिवशी किंवा तक्रार आल्यावरच शाळेत जातात. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार जिल्हा परिषद व महानगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. हा हक्क कागदावर पडून राहतो, कारण सभेच्या दिवशी पालकच येत नाहीत. ‘आम्ही शिकलेलो नाही, तेथे काय बोलणार?’ असे म्हणणाऱ्या मातांनी एवढे तरी विचारावे : माझे मूल वर्गात कोठे बसते? ते प्रश्न विचारते काय? त्याला फळा दिसतो काय? हे विचारण्यास पदवी लागत नाही.

घरात काय करावे?

१. दिवसातून एक वेळ सर्वांनी एकत्र जेवावे. त्या वेळी मोबाईल बाजूला असावेत, माता-पित्यांचेही.

२. ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘आज काय शिकलास? काय अवघड गेले?’ असे विचारावे आणि मूल बोलत असताना मध्ये तोडू नये.

३. दोन मुलांची तुलना करू नये. देण्याघेण्यात संततीमध्ये न्याय राखण्याची प्रेषितांची (सल्ल.) ताकीद आहे. कौतुकातही तो न्याय असावा.

४. मुलाविषयीचा निर्णय आधी पती-पत्नींनी आपसात विचारविनिमय करून घ्यावा. तान्ह्या बाळाचे दूध सोडविण्यासाठीही कुरआनने दोघांची संमती व सल्लामसलत सांगितली आहे.

५. आपण चुकलो तर मुलाजवळ चूक कबूल करावी. त्याने पित्याचा मान घटत नाही.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांनी मुलाचे डोळे तपासून घेतले व चष्मा आणला. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. त्या वर्षी मुलगा नापास झाला. निकालाच्या दिवशी वडील स्वतः त्याच्यासोबत शाळेत गेले आणि परतताना त्याला काही बोलले नाहीत. मुलगा आज पुन्हा नववीत शिकत आहे. वडील सांगतात, आता तो रात्री जेवताना शाळेतील गोष्टी सांगतो, काही माझ्या डोक्यावरून जातात, पण मी ऐकतो.

सूरह अल्-फुरकानमध्ये रहमानच्या दासांची एक दुआ आहे : आपल्या जोडीदारांत आणि संततीत डोळ्यांना शीतलता लाभावी. ही दुआ आपण नमाजनंतर मागतोच. ती मागून उठल्यावर मुलाजवळ जाऊन बसावे. अल्लाह आपल्या संततीला सन्मार्गावर ठेवो आणि आपल्याला तिचे ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. हजरत इब्राहीम (अलै.) यांना ईशआज्ञा मिळालेली असतानाही त्यांनी पुत्राचे मत का विचारले असावे?

२. हजरत लुकमान यांच्या उपदेशांपैकी कोणता उपदेश आपल्या घरात सर्वांत कमी पाळला जातो?

३. (मुलांनी सांगावे, मोठ्यांनी केवळ ऐकावे) अम्मी-अब्बांना सांगावीशी वाटूनही न सांगितलेली एखादी गोष्ट आहे काय?