यामचे बेणे आणि ऊतिसंवर्धन

याम म्हणजे डायोस्कोरिया या वंशातील वेलींचा खाद्य कंद. आपल्या कोकणातील कोनफळ आणि करांदा हे याच वंशातले. सुरणालाही इंग्रजीत याम म्हणतात. परंतु तो अळूच्या कुळातला, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही. जगात यामचे सर्वाधिक उत्पादन नायजेरियात होते. तेथील शेतकऱ्याची अडचण ध्यानात घेतल्यावाचून प्रयोगशाळेतील या विद्येचे मोल कळणार नाही, असे आम्हांस वाटते.

ती अडचण बेण्याची आहे. यामचे नर व मादी वेल निराळे असतात, कित्येक वाणांना फुलेही क्वचितच येतात. म्हणून कंदच कापून लावावा लागतो. एका बेण्यापासून दहापटही बेणे तयार होत नाही. पिकाचा सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा पुढील हंगामासाठी राखून ठेवावा लागतो. खायचे की पेरायचे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनाही परका नव्हता. त्यातच बेण्याबरोबर रोगही पुढच्या पिकात उतरतात. सूत्रकृमींनी कंद सडतो, मोझॅक विषाणूने पाने चितकबरी होऊन उत्पन्न घटते. आणि शेतात शिरलेल्या विषाणूवर फवारणीचे औषध नाही.

वेलीच्या शेंड्याच्या अगदी टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा पुंज असतो. तेथवर रसवाहिन्या पोहोचलेल्या नसल्याने विषाणूही बहुधा पोहोचत नाही. 1952 साली फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी याच तत्त्वावर डेलियाची निरोगी रोपे मिळविली. यामच्या बाबतीतही अर्ध्या मिलिमीटरहून लहान टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून, क्षार, साखर, जीवनसत्त्वे व संप्रेरके घातलेल्या निर्जंतुक अगरवर ठेवतात. कापलेले वांगे काळे पडावे तसा हा तुकडाही पुष्कळदा काळवंडतो, आणि मेहनत वाया जाते. जो जगतो त्याची विषाणूसाठी तपासणी होते. पुढचे काम त्या मानाने सोपे: रोपाची पेरापेराशी कांडी करावयाची; प्रत्येक पानाच्या बगलेतील डोळ्यातून काही आठवड्यांत नवे रोप उभे राहते. कंदाच्या सुप्तावस्थेची वाट पाहावी लागत नाही, वर्षभर हे चक्र चालू ठेवता येते.

बाटलीतील रोपाच्या पानांवर मेणाचा थर पुरेसा नसतो. ते थेट उन्हात नेले तर करपते. म्हणून दमट सावलीत हळूहळू हवेची सवय करावी लागते. केळीची अशी रोपे लावणाऱ्या आमच्या पालकांना हे सांगावयास नकोच.

मात्र ऊतिसंवर्धनाने वाण आपोआप सुधारतो, हा समज चुकीचा आहे. रोपे मूळ वेलीचीच प्रतिरूपे असतात. सुधारणा संकरातून व निवडीतून होते. इबादान येथे 1967 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत हे काम चालते; निवडलेला वाण शुद्ध राखून झपाट्याने वाढविणे हा ऊतिसंवर्धनाचा वाटा. आफ्रिकेतील पांढरा याम भारतातही आला असून तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने त्याचे 'श्री प्रिया' व 'श्री शुभ्रा' हे वाण दिले आहेत.

खरी मेख पुढेच आहे. अशा रोपांना पहिल्या हंगामात लहानच कंद येतात. ते खाण्यासाठी नसून पुन्हा लावण्यासाठी असतात. ज्याच्या घरी बेणेच चुलीवर चढण्याची भीती, त्याने ही वाट कशी पाहावी? शिवाय मावा विषाणू परत आणतो, म्हणून बेण्याचे शेत खाण्याच्या पिकापासून दूर ठेवावे लागते. यासाठी खाण्याचे पीक न घेता केवळ निरोगी बेणेच वाढवून विकणारे शेतकरी नायजेरियात तयार केले जात आहेत.