हार्टल की शुट्झ?

चि. मुक्ता,

तुझं पत्र पोचलं. व्यापक सापेक्षतेसाठी वाइनबर्ग घेऊ की मिस्नर-थॉर्न-व्हीलर, असं विचारतेस आणि खाली मैत्रिणींनी सुचवलेली आणखी चार नावं. एमएस्सीच्या एका सेमिस्टरला एवढी पुस्तकं उघडून बसलीस तर एकही तडीस जायचं नाही.

मिस्नर मंडळींचा १९७३चा ग्रंथ माझ्या फार आवडीचा. पण बाराशेहून जास्त पानं, बाई! अडलं की उघडायचा. वाइनबर्ग भूमितीला मुद्दाम मागे ठेवतो, ती चाल तुला आत्ता मानवणार नाही. वाल्ड पीएचडीला लागलीस की बघू.

मी तुला हार्टल सुचवेन. तो आइनस्टाइनची क्षेत्रसमीकरणं आधीच डोक्यावर आदळत नाही. सूर्याभोवतालची श्वार्ट्झशिल्डची भूमिती हातात देतो आणि तीत ग्रह नि प्रकाश कसे फिरतात ते काढायला लावतो. बुधाचंच घे. न्यूटनच्या स्थितिज ऊर्जेत अंतराच्या घनाने भागलेलं एक छोटं जास्तीचं पद येतं, आणि तेवढ्यानं त्याची कक्षा शतकाला ४३ विकला जास्त सरकते. हे स्वतःच्या हातानं काढल्यावर टेन्सरची भीती बरीच उतरते. टेन्सर आधी पक्के करायचे असतील तर शुट्झ. तो सावकाश, पण नीट चालवतो. त्यानंतर आपल्या आयुकात होते त्या पद्मनाभनांचं २०१०चं पुस्तक जरूर घे, त्यातली गणितं घाम काढतात.

एक मात्र सांभाळ. वाइनबर्गच्या क्षेत्रसमीकरणात उजवीकडे उणे आहे, मिस्नर मंडळींकडे अधिक. दोघंही बरोबर, कारण वक्रतेची व्याख्याच उलट चिन्हाची. इकडचं सूत्र तिकडच्या गणितात घातलंस की रात्रभर चूक शोधत बसशील. म्हणून मुख्य पुस्तक एकच ठेव, आणि दुसरं उघडताना आधी त्याची चिन्हं कागदावर उतरवून घे.

आणि लगेच विकत घेऊ नकोस. ग्रंथालयातून हार्टल आणि शुट्झ दोन्ही आण, बुधाचा भाग दोन्हींत वाच, धड्यामागची गणितं सोडव. कुठल्याची जमतात ते कळव, त्या पुस्तकाचे पैसे मी पाठवतो.

तुझा,
मामा