बांधावरचा फेरा : मारण्यापूर्वीं व खाण्यापूर्वीं

रोहिणीचे वळीव होऊन मृगाचा पाऊस लागला म्हणजे शेतकऱ्याचें सारें चित्त पेरणींत गुंतलेलें असतें. वाफसा केव्हां येईल, बियाणें पुरेल कीं नाहीं, पाभर असो वा ट्रॅक्टर, तो वेळेवर मिळेल कीं नाहीं, या विवंचनेंत बांधाकडे पाहण्यास त्यास सवड होत नाहीं. परंतु याच दहापंधरा दिवसांत बांधावर जेवढी हालचाल दिसते, तेवढी वर्षांत पुन्हां क्वचितच दिसते. जमिनींत दडून बसलेले किडे वर येतात, कंदांस कोंब फुटतात, वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उडूं लागते, कुजक्या काडीकचऱ्यावर छत्र्या डोकें वर काढतात. या मंडळींत कांहीं आपल्या पिकाचे राखणदार असतात, कांहीं वैरी असतात व बाकीचे नुसते शेजारी असतात. त्यांची ओळख नसल्यामुळें आपण राखणदारास मारतों, वैऱ्यास मोकळें सोडतों, आणि प्रसंगीं भाजी म्हणून विष घरीं आणतों. यास्तव या पाठांत वाचकांबरोबर बांधावर एक फेरा करावा असें आम्हीं योजिलें आहे. फेऱ्याचा नियम एकच : ओळखल्यावांचून मारूं नये, व ओळखल्यावांचून खाऊं नये.

हा नियम आम्हांस आमच्याच चुकीनें शिकविला. एके वर्षीं आमच्या करडईवर मावा पडला. पाहणी करतां शेंड्यांवर काळसर, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या चपळाईनें फिरतांना दिसल्या. मावा बारीक व जागचा न हलणारा. अळ्या मोठ्या व भेसूर. तेव्हां खरा अपराध अळ्यांचाच, असें धरून आम्हीं दोन दिवस गडी लावून त्या वेंचविल्या व मारविल्या. एक मात्र नमुना म्हणून काचेच्या बरणींत माव्याच्या डहाळीसह ठेविली. शेजारच्या शेतांतील मावा पुढें ओसरत गेला; आमचा वाढतच राहिला. इकडे बरणींतील अळीनें डहाळीवरचा मावा चाटूनपुसून खाल्ला, कोष केला, आणि थोड्याच दिवसांत त्यांतून लाल पाठीचा ढालकिडा बाहेर पडला. ढालकिडा माव्याचा शत्रु, हें आम्हांस ठाऊक होतें. त्याचें पोर कसें दिसतें तें ठाऊक नव्हतें. पदरचे पैसे खर्चून आम्हीं आमचेच राखणदार मारले होते.

मारण्यापूर्वीं

बांधावर पाऊल ठेवतांच प्रथम दृष्टीस पडतो तो मृगाचा किडा. तांबड्या मखमलीचा तुकडा चालावा असा हा जीव. यास आठ पाय असतात. म्हणजे हा खरा कीटक नसून कोळी व गोचीड यांचा नातलग आहे. याचीं पिलें नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगास चिकटून त्यांचा रस शोषितात. मोठा झाल्यावर तो वाळवी, इतर बारीक किडे व त्यांचीं अंडीं खातो. पिकाच्या पानास तो तोंड लावीत नाहीं. पावसानंतर थोडे दिवस वर येऊन पुन्हां तो जमिनींत जातो. औषधाकरितां कित्येक ठिकाणीं हे किडे गोळा करून विकतात. आमच्या मतें तो बांधावर राहण्यांतच शेताचें हित आहे.

दगड किंवा पालापाचोळा उलथतांच वाणी व गोम हीं दोघें भेटतात, व पुष्कळ जण दोघांस एकच समजतात. अंगाच्या प्रत्येक वळ्यास पायांच्या दोन जोड्या दिसत असून स्पर्श होतांच जो जीव वेटोळें करून पडून राहतो, तो वाणी. ज्याच्या प्रत्येक वळ्यास एकच जोडी असून जो चपळ पळतो व चावतो, ती गोम. वाणीचें मुख्य अन्न कुजका पाला, व तो कुजविण्याच्या कामीं त्याची मदत होते. परंतु पेरणीनंतर वाणींची संख्या वाढली, तर तेच वाणी कपाशीचीं व सोयाबीनचीं कोंवळीं रोपें कुरतडतात. म्हणून बांधावर वाणी दिसला एवढ्यानें औषध टाकूं नये. उगवण होतांच रोज सकाळीं तासांवरून फिरून रोपें पाहावीं व नुकसान दिसेल तेथेंच उपाय करावा. गोम मात्र शिकारी आहे. ती किडे खाते. आपण हात घालूं नये इतकेंच तिचें मागणें असतें.

आतां खरा वैरी पाहूं. वळवाची अथवा मृगाची चांगली सर झाली, कीं त्या संध्याकाळीं अंधार पडतांपडतां तपकिरी रंगाचे जाड भुंगेरे जमिनींतून निघून बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ व बोर या झाडांवर जमतात. दिवसां ते दिसत नाहींत. सकाळीं पानांच्या नुसत्या चाळण्या झालेल्या दिसतात. हे हुमणीचे भुंगेरे होत. एक मादी सुमारें ५० ते ६० अंडीं मातींत घालते, व त्यांतून निघालेली, अर्धें वेटोळें करून पडणारी पांढरी अळी ऊस, भुईमूग व ज्वारी यांचीं मुळें खाते. अळी मुळांशीं पोहोंचल्यावर तिचा शोध घेणें महाग पडतें. पण याच संध्याकाळीं झाडाखालीं जुनें कापड पसरून आंकडीनें फांद्या हालविल्या, व पडलेले भुंगेरे घासलेट मिसळलेल्या पाण्यांत टाकले, तर पुढील पिढी जन्मास येण्यापूर्वींच संपते. हें काम एकट्यानें करून भागत नाहीं. शिवाराच्या सर्व बांधांवर एकाच वेळीं व पहिल्या पावसापासून ओळीनें कांहीं दिवस झालें पाहिजे.

या कामांत आपल्यास एक मदतनीस आहे, तो म्हणजे बेडूक. बेडूक व भेक रात्रीं असे भुंगेरे व इतर किडे खातात. पावसाळ्याच्या तोंडीं पिवळा धमक होऊन डबक्यांत ओरडणारा मोठा बेडूक एके काळीं आपल्या देशांतून तंगड्यांकरितां परदेशीं जात असे. बेडूक नाहींसे होऊन शेतांत किडींचें फावतें, हा आक्षेप वाढत गेला, आणि १९८७ सालीं ही निर्यात सरकारनें बंद केली. निर्यात थांबली, परंतु बांधाकडेचीं डबकीं बुजविणें व त्यांत औषधाचे डबे धुणें आपण थांबविलेलें नाहीं. बेडकाचीं पिलें त्याच पाण्यांत वाढतात, हें लक्षांत ठेवावें.

आणखी एक उदाहरण देऊन हें प्रकरण संपवितों. गाजरगवत पुण्याच्या आसपास १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें व पुढें देशभर पसरलें, हें सर्वांस विदित आहे. तें खाणारा एक लहान भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ सालीं बंगलोर येथें सोडण्यांत आला. दुधी रंगाच्या पाठीवर तपकिरी वेड्यावांकड्या रेघा, ही त्याची खूण. कोरड्या दिवसांत तो जमिनींत निजून राहतो व पावसाबरोबर वर येतो. बांधावरील गाजरगवत चाळणीसारखें झालेलें दिसलें, तर तेथें फवारा मारूं नये. फुकट मिळालेला खुरपणारा तेथें कामास लागला आहे, असें समजावें.

खाण्यापूर्वीं

मारण्यांत चूक झाली तर पीक जातें. खाण्यांत चूक झाली तर माणूस जातें. म्हणून पाठाचा हा भाग अधिक सावकाश वाचावा.

टाकळ्याची कोंवळी भाजी आपल्याकडे घरोघर होते. परंतु त्याच बांधावर, त्याच कुळांतील कासविंदा उगवतो. टाकळ्याच्या एका पानास पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात, व पर्णिकेचें टोंक गोलसर असतें. शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वांकडी असते. कासविंद्याच्या जोड्या चार ते सहा, टोंक निमुळतें, वास उग्र व शेंग चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशांत लहान मुलें वर्षानुवर्षें एका प्राणघातक दुखण्यानें दगावत होतीं, तें कासविंद्याच्या बिया खाल्ल्यामुळें होतें, असें २००७ च्या सुमारास डॉक्टरांनीं शोधून काढलें. खेळतां खेळतां शेंगा सोलून बिया खाणें हा मुलांचा स्वभावच आहे. तेव्हां घराजवळचा कासविंदा फुलावर येण्यापूर्वींच उपटावा.

कळलावीचें तांबडें-पिवळें फूल पाहून कोणासहि मोह पडेल. तिच्या पानाचें टोंक तंतूप्रमाणें वळून आधारास विळखा घालतें, आणि कंद नांगरासारखा दुबेळका असतो. म्हणूनच संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. हा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्यानें माणसें मेलीं आहेत. कुंपणांत ती शोभते. टोपलींत तिला जागा नाहीं.

आतां अळंबीं. कोकणांत ज्यांस अळंबीं व विदर्भांत सात्या म्हणतात, तीं वारुळावर वा वारुळाजवळ उगवणारीं छत्रें खाण्यांत उत्तम गणलीं जातात. त्यांचें वाळवीशीं नातें मोठें नवलाचें आहे. वारूळ साप बांधीत नाहीं. वाळवी बांधते, साप आयत्या बिळांत शिरतो. वाळवी काड्या व वाळका पाला आंत नेऊन त्याची जाळीदार पोळीं रचते व त्यांवर एका बुरशीची लागवड करते. काष्ठाचा जो भाग वाळवीस पचविणें कठीण, तो बुरशी मऊ करून देते. तंजावरकडे वास्तव्य केलेल्या योहान केनिग या वैद्यानें १७७९ सालीं वाळवीवर लिहितांना या बुरशीचें वर्णन केलें होतें. पावसाळ्यांत त्या पोळ्यांतून लांब मुळासारखा देंठ वर येतो व जमिनीवर टोपी उघडते, तेंच अळंबें. माणसानें धिंगरी व बटण अळंबीं काडावर वाढविलीं, परंतु वाळवीवांचून या अळंब्यांची व्यापारी लागवड अद्याप कोणास साधलेली नाहीं.

म्हणून वारूळ फोडून अळंबीं काढूं नयेत. देंठ वरच्यावर खुडावा व कांहीं छत्रें पूर्ण उमलूं द्यावीं. त्यांच्यापासून उडणारी सूक्ष्म बीजधूळ नव्या वारुळांतील वाळवी वेंचून नेते व आपली बाग लावते. सगळींच कोंवळीं खुडलीं तर नवीन बागेस बीज कोठून मिळावें?

अळंब्याच्या लोभानें घात होतो तो असा. गवतांत व उकिरड्याजवळ ताटलीएवढी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली छत्री उगवते. तिच्या टोपीखालचे पापुद्रे आधीं पांढरे व मागाहून हिरवट होतात, आणि दांड्यावर कडें असतें. ती खाल्ल्यास थोड्याच तासांत वांत्या व जुलाब सुरू होतात. याहून भयंकर जाति अमानिता वर्गांतील. त्यांचे पापुद्रे बहुधा पांढरेच राहतात व दांड्याच्या बुडाशीं पिशवी असते. देंठ वरून खुडल्यास ती पिशवी मातींतच राहते व खूण हरपते. यांतील प्राणघातक जातींचा त्रास सहा ते बारा तास किंवा त्याहूनहि उशिरां सुरू होतो, मध्यंतरीं रोगी बरा झाल्यासारखा दिसतो, आणि मग यकृत निकामी होतें. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यांत आसामांत विषारी छत्र्या खाऊन दहांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं.

चांदीचें नाणें काळें पडत नाहीं, लसणाचा रंग बदलत नाहीं, किड्यांनीं खाल्लेलें आहे, उकळून पाणी टाकून दिलें आहे, या सर्व परीक्षा खोट्या आहेत. अमानितेचें विष शिजविण्यानें नाहींसें होत नाहीं. खरी परीक्षा एकच, ती म्हणजे त्या जागेचें व त्या जातीचें पिढीजात ज्ञान असलेल्या माणसाची ओळख. आणि त्या माणसास तिळमात्र शंका आली तर तें अळंबें टाकून द्यावें. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर बरें वाटण्याची वाट न पाहतां रोग्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें व उरलेलें अळंबें बरोबर न्यावें.

अभ्यास

वाचकांनीं या पावसाळ्यांत दोन प्रयोग करून पाहावे. पहिला बरणीचा. पिकावर अनोळखी अळी दिसली, तर ती जेथें सांपडली त्या डहाळीसह बरणींत ठेवावी, तोंडास फडकें बांधावें, आणि ती पान खाते कीं पानावरील किडा खाते हें रोज पाहावें. औषध विकत घेण्यापूर्वींचा हा दोन दिवसांचा विलंब पुष्कळदां औषधाचा सगळा खर्च वांचवितो. दुसरा कागदाचा. अर्धा पांढरा व अर्धा काळा कागद घेऊन त्यावर उमललेल्या छत्रीची टोपी पापुद्रे खालीं करून ठेवावी व वर वाटी पालथी घालावी. सकाळीं बीजधुळीचा ठसा उमटलेला दिसेल. वारुळावरच्या अळंब्याचा ठसा गुलाबीसर, खवल्यांच्या छत्रीचा हिरवट, अमानितेचा पांढरा. हा प्रयोग ओळख वाढविण्याकरितां आहे. एवढ्यावरून खाण्याचा निर्णय करूं नये, व प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवावे.

नागपंचमीस आपण जमीन खणीत नाहीं, नांगर धरीत नाहीं, व वारुळाची पूजा करितों. त्या एका दिवशीं आपल्या वाडवडिलांनीं कुदळीस विसांवा दिला, तो पायांखालच्या जिवांचा विचार करून. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत कुदळ उचलावी लागतेच, फवाराहि हातीं घ्यावा लागतो. ते उचलण्यापूर्वीं क्षणभर वांकून समोरचा जीव कोण आहे हें पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.