पऱ्हाटीचे खत : पुसदची नाडेप पद्धत

आर्णी परिसर कापूस, तूर व सोयाबीनचा. कापसाचा हंगाम सरला की पऱ्हाट्या चुलीला जातात, उरलेल्या बांधावर पेटविल्या जातात. शेण गोवऱ्यांत संपते. शेताला परत काय मिळते?

याच जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे, अर्थात नाडेप काका, यांनी अल्प शेणात विपुल खत करण्याची रीत घालून दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावे. भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवावीत. ६ इंच काडीकचरा, त्यावर ४ किलो शेण कालविलेले पाणी, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थर रचावेत. सुमारे १५०० किलो काडीकचऱ्याला शेण लागते जेमतेम १०० किलो. म्हणजे दारी एकच गाय असणाऱ्यालाही दहा-पंधरा दिवसांत ते साठविता येते.

पऱ्हाटी मात्र लाकडासारखी कठीण. बारीक तुकडे केल्याविना ती कुजत नाही, आणि हे काम कष्टाचे आहे. शेवटी टाके शेणमातीने लिंपावे, भेगा पडताच शेणपाणी शिंपडून बुजवाव्यात. ओल टिकली तर तीन-चार महिन्यांत खत तयार होते. माघात भरलेले टाके मृगाच्या पेरणीपूर्वी उपसता येते.