अंगण खोदले, नळी फुटली, पुढे काय?

मागच्या कुंपणालगत केबल टाकणारी माणसे सकाळी येऊन जातात आणि संध्याकाळी स्प्रिंक्लर लावताच लॉनचे तळे होते. शुगर लँडमध्ये असे झाले तर काय करावे?

घराच्या नकाशात 'युटिलिटी ईझमेंट'चा पट्टा दाखवलेला असतो. तिथे काम करण्याचा हक्क कंपनीला आहे; निष्काळजीपणे नुकसान करण्याचा नाही. खोदण्यापूर्वी ८११ ला कळवणे टेक्सासमध्ये बंधनकारक आहे. मग जमिनीवर खुणा होतात: लाल विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची, नारिंगी केबलची. मात्र आपल्या खाजगी स्प्रिंक्लरच्या नळ्या त्यात येत नाहीत. म्हणून रंगीत खुणा दिसताच नळ्यांवर आपणच झेंड्या लावून फोटो काढून ठेवावेत.

नुकसान झालेच, तर:

१. खड्डा बुजण्यापूर्वी फोटो काढा. ट्रकवरचे नाव व तारीख टिपा.

२. दुरुस्तीचे दोन लेखी अंदाज घ्या.

३. कंपनी आणि कंत्राटदार, दोघांनाही सर्टिफाइड पोस्टाने पत्र पाठवा. म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.

४. 'यापुढे मागणी नाही' अशा कागदावर घाईने सही करू नका.

५. दाद न लागल्यास फोर्ट बेंड काउंटीच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. मुदत साधारणपणे दोन वर्षे. काम शहराचे असल्यास नोटीस पुष्कळ आधी द्यावी लागते.

गॅसचा वास आला तर मात्र फोटो राहू द्या. आधी सर्वांनी घराबाहेर पडून ९११ ला फोन करा.

"जाऊ दे, कोण भांडणार" म्हणून आपण भिडेने गप्प बसतो. भांडू नका, पण लिहून जरूर मागा.